एकशे पंच्याहत्तरचा हिशेब

फोनमधलं कॅल्क्युलेटर उघडा. ५,०४,१२,२३५ हा आकडा टाका, त्याला २८८ने भागा, आणि जे येईल त्याला १०००ने भागा. १७५.०४ येईल. पॉइंटनंतरचं सोडून द्या. उरले १७५. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताची किंमत एवढी असते. बांद्र्याच्या आमदाराची तेवढीच, गडचिरोलीच्या आमदाराची तेवढीच, आणि आमच्या शहापूरच्या आमदाराचीही तेवढीच. सिक्कीमच्या आमदाराची किंमत ७ आहे, उत्तर प्रदेशच्या आमदाराची २०८.

माझी शून्य आहे. तुमचीही.

मी सापगावचा मतदार. शहापूर तालुक्यातलं, भातसा नदीच्या काठचं हे गाव. जोराचा पाऊस झाला आणि वर धरणाचे दरवाजे उघडले की आमचा पूल बातम्यांमध्ये येतो, एरवी गावाचं नाव कुठे येत नाही. मला ग्रामपंचायतीला मत आहे, पंचायत समितीला आहे, जिल्हा परिषदेला आहे, विधानसभेला आणि लोकसभेला आहे. सरपंच थेट लोकांनी निवडायचा की सदस्यांनी आपल्यातून, हे आमच्या राज्यात सरकार बदललं की बदलतं : २०१७ला थेट, २०२०ला सदस्यांतून, २०२२ला पुन्हा थेट. एवढी सगळी बोटं शाईने रंगवून झाली, पण देशाचं जे सगळ्यात वरचं पद, ज्याचा फोटो शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे असतो, त्यासाठी मला कुणी विचारत नाही. तक्रार एवढीच असती तर ती नागरिकशास्त्राच्या पुस्तकात संपली असती. पण दर पाच वर्षांनी उमेदवार मात्र माझ्या नावावर उभे केले जातात. ‘मराठी माणसाचा सन्मान’, ‘आदिवासी समाजाचा गौरव’, ‘सामान्य माणसाचा उमेदवार’. ज्याच्या नावाने लग्न ठरतं त्यालाच पंगतीत पान नाही, अशातली ही गत. म्हणून या निवडणुकीचा इतिहास मी जरा खुन्नसनेच वाचत आलोय.

आधी तो ५,०४,१२,२३५चा आकडा. ती १९७१च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, ४२व्या घटनादुरुस्तीने हा आकडा २००१पर्यंत गोठवला. पुढे ८४व्या दुरुस्तीने मुदत वाढवली : २०२६नंतर जी पहिली जनगणना होईल तिचे आकडे येईपर्यंत १९७१च चालू. कारण समजण्यासारखं होतं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांची मतं कमी व्हायला नकोत. ठीक. पण १९७१ साली अख्ख्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे पालघर धरून, तेवीसेक लाख माणसं होती. २०११ला ती १ कोटी १० लाख झाली. राज्याची लोकसंख्या २०११ची धरली तर एका आमदाराचं मत ३९० होतं. म्हणजे आमदार आजच्या माणसांचा, आणि त्याच्या मताचं वजन माझ्या आजोबांच्या पिढीच्या शिरगणतीचं.

थेट निवडणूक का नाही, हा प्रश्न मला पडण्याच्या आधी संविधान सभेत पडला होता. प्रा. के. टी. शाह यांनी १९४८च्या डिसेंबरात सुचवलं होतं की राष्ट्रपती प्रौढ मताधिकाराने, लोकांनीच निवडावा. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं ते त्यांच्या पद्धतीने, मुद्देसूद. एक, मतदारांची संख्या प्रचंड. दोन, एवढी निवडणूक घ्यायला लागणारी सरकारी यंत्रणा. तीन, आणि हा खरा मुद्दा, राष्ट्रपतीच्या हातात स्वतःची अशी सत्ताच नाही, तो नामधारी प्रमुख आहे. मग त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? सूचना फेटाळली गेली. १९५२ला पहिली निवडणूक झाली तेव्हा राजेंद्रप्रसादांच्या विरोधात उभे राहिलेले प्रमुख उमेदवार कोण, तर हेच के. टी. शाह. लोकांनी निवडावं म्हणणारा माणूस लोकांना मत नसलेल्या निवडणुकीत पडला. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० आणि शाहांना ९२,८२७ मतं होती.

आंबेडकरांचे पहिले दोन मुद्दे आज टिकणार नाहीत. आपण लोकसभेला नव्वद कोटींहून जास्त मतदार हाताळतो. तिसरा मात्र तोडता येत नाही. थेट लोकांनी निवडलेला राष्ट्रपती उद्या पंतप्रधानाला म्हणाला, ‘तुझ्याइतकीच माणसं माझ्याही मागे आहेत’, तर काय करायचं? हे मला पटतं. पटतं म्हणून राग जात नाही, ती गोष्ट वेगळी.

या निवडणुकीत हरलेल्यांची यादी एकदा वाचून बघा. १९६७ला के. सुब्बाराव, सरन्यायाधीशपद सोडून उभे राहिलेले. १९८२ला एच. आर. खन्ना, आणीबाणीत ‘माणसाचा जगण्याचा हक्क सरकारला काढून घेता येत नाही’ असं म्हणणारे एकटे न्यायमूर्ती. १९८७ला कृष्ण अय्यर. २००२ला आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल. जिंकलेल्यांत वाईट माणसं होती असं नाही, आणि कलामांसमोर कुणीही पडलंच असतं. पण ही हरलेल्यांची रांग बघितली की एखाद्या शाळेच्या हुशार मुलांचा ग्रुप फोटो बघितल्यासारखं वाटतं. त्या फोटोत एक मराठी चेहरा आहे, आणि माझ्या पिढीला तो ओळखताही येत नाही.

चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात १८९६ साली जन्म. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग आयसीएस. १९४३ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५०पासून नेहरूंचे अर्थमंत्री, १९५२ला कुलाब्यातून लोकसभेत. आणि १९५६ला, मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवायचा घाट घातला गेला तेव्हा, राजीनामा. लोकसभेत उभं राहून त्यांनी पंतप्रधानांच्या निर्णयपद्धतीवर आणि मुंबईतल्या गोळीबारावर बोट ठेवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत रस्त्यावर माणसं मेली, पण दिल्लीतली एवढी मोठी खुर्ची सोडणारा माणूस हा. पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद. फावल्या वेळात मेघदूताचं मराठी भाषांतर. (आमच्याकडे अर्थमंत्र्याने फावल्या वेळात काय करावं याची पातळी एकेकाळी ही होती.)

१९६९च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असताना वारले. कोण उभं राहणार यावरून काँग्रेसमध्ये जे सुरू झालं ते आजच्या कुठल्याही वेब सिरीजला लाजवेल. जुलैमध्ये बंगळूरच्या अधिवेशनात पक्षातल्या जुन्या धेंडांनी, ज्यांना ‘सिंडिकेट’ म्हणत, नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं. इंदिरा गांधींना ते नको होतं, त्यांनी जगजीवनराम यांचं नाव पुढे केलं होतं. संसदीय मंडळात रेड्डींच्या बाजूने ज्यांनी मत दिलं त्यांत आपले यशवंतराव चव्हाण होते आणि स. का. पाटीलही. इंदिराबाई हरल्या. काही दिवसांतच त्यांनी मोरारजी देसाईंचं अर्थखातं काढून घेतलं आणि १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. रेड्डींच्या अर्जावर खुद्द इंदिरा गांधींची सही होती, आणि मतदानाच्या तोंडावर त्यांनीच आपल्या खासदार-आमदारांना सांगितलं की सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. पक्षाच्या उमेदवाराला पाडा, याचं ते सभ्य भाषांतर होतं.

या हाणामारीत तिसरे उमेदवार होते देशमुख. त्यांच्या मागे स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ. निवडून येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं महत्त्व वेगळ्याच कारणासाठी होतं. या निवडणुकीत मतदार पसंतीचे क्रमांक लिहितो. पहिल्या पसंतीवर कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर खालचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते. म्हणून काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले : पहिलं मत तुमच्या देशमुखांना द्या, दुसरं आमच्या रेड्डींना. इंदिरा गांधींच्या बाजूने लगेच ओरड झाली की पाहा, हे उजव्यांशी संगनमत. रिझर्व्ह बँक चालवलेला, मंत्रिपद लाथाडलेला त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि चर्चा काय, तर त्याच्या नावाखालची दुसरी पसंती कुणाला.

१६ ऑगस्टला मतदान झालं. गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. कोटा होता ४,१८,१६९. कुणीच पोचलं नाही. देशमुख बाद झाले, त्यांच्या गठ्ठ्यातली दुसरी पसंती मोजली. ती बहुतेक रेड्डींकडे गेली, ते ४,०५,४२७वर गेले. पण गिरींना जेवढी हवी होती तेवढी मिळाली : ४,२०,०७७. जेमतेम साडेचौदा हजारांचा फरक. दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी गेलेली ही आजवरची एकमेव राष्ट्रपती निवडणूक आहे. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. गिरींच्या निवडणुकीवर सर्वोच्च न्यायालयात खटला झाला, राष्ट्रपती असताना गिरींनी तिथे साक्ष दिली, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. रेड्डी १९७७ला बिनविरोध राष्ट्रपती झाले. देशमुखांचं काय झालं, तर नोटांचे जुने अल्बम जमवणाऱ्यांना त्यांची सही माहीत असते.

मला राहून राहून वाटतं ते हे, की मुंबईसाठी मंत्रिपद सोडलेला माणूस उभा होता, आणि त्याला निवडून आणायची गरज महाराष्ट्रातल्या सत्ताधारी पक्षाला वाटली नाही. यशवंतरावांचं मत रेड्डींना, बाकीच्यांची गिरी की रेड्डी ही ओढाताण. मराठीपण तेव्हा कुणाच्या कामाचं नव्हतं.

ते कामाचं झालं २००७ला. प्रतिभाताई पाटील काँग्रेस आघाडीच्या उमेदवार, समोर भैरोसिंह शेखावत, ज्यांना भाजपचा पाठिंबा. शिवसेना भाजपची जुनी मित्र, पण बाळासाहेब ठाकरेंनी सांगितलं, मराठी बाई राष्ट्रपती होतेय, मत तिलाच. मी तेव्हा शाळेत होतो, आणि गावात ज्यांचं आयुष्य काँग्रेसला शिव्या देण्यात गेलं ते लोक खुश होऊन चहा पाजत होते हे मला आठवतं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९९७ला, शिवसेनेने टी. एन. शेषन यांना पाठिंबा दिला होता. मला शेषन यांचं फार वाईट वाटतं. मतदार ओळखपत्र आपल्या खिशात आलं ते या माणसाच्या हट्टामुळे. आणि तो स्वतः उभा राहिला अशा निवडणुकीत जिथे ते कार्ड दाखवून काही उपयोग नाही. के. आर. नारायणन यांना साडेनऊ लाखांवर मतं पडली, शेषन यांना ५०,६३१. डिपॉझिट गेलं.

आता २०२२. आणि इथून पुढे हे माझ्या तालुक्याचं प्रकरण आहे.

शहापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे तालुकाभर आहेत. मुंबई ज्या तानसा आणि भातसाचं पाणी पिते ती धरणं आमच्याकडे, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही आमच्याकडेच. २१ जून २०२२ हा दिवस लक्षात ठेवा. त्या दिवशी संध्याकाळी भाजपने द्रौपदी मुर्मू यांचं नाव जाहीर केलं. त्याच दिवशी विरोधकांनी यशवंत सिन्हांचं नाव जाहीर केलं. आणि त्याच दिवशी सकाळी महाराष्ट्राला कळलं की आमच्याच ठाणे जिल्ह्याचे एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतला गेलेत. पुढचा आठवडाभर आमच्या १७५च्या किमतीची कितीतरी मतं गुवाहाटीच्या हॉटेलात डोंगरझाडी बघत बसली होती.

पाड्यावरचा माझा एक मित्र, आसनगावहून रोज लोकलने कामाला जाणारा, त्याने मुर्मूंचा फोटो स्टेटसला ठेवला. पहिल्यांदाच त्याच्या स्टेटसला एखादा राजकारणी आला होता. मला म्हणाला, “आपल्या आमदाराचं मत कुणाला रे?” प्रश्न सरळ होता, उत्तर नव्हतं. शहापूरचे आमदार दौलत दरोडा तेव्हा राष्ट्रवादीचे. पक्षाचा पाठिंबा सिन्हांना. आमदार आदिवासी, मतदारसंघ आदिवासी, उमेदवार पहिली आदिवासी बाई, आणि पक्ष दुसरीकडे. या निवडणुकीत व्हिप चालत नाही आणि मतदान गुप्त असतं. जांभळ्या शाईचं खास पेन देतात, त्यानेच क्रमांक लिहायचा. त्यांनी कुणाला मत दिलं हे मला माहीत असण्याचं कारण नाही आणि कायद्याने ते कुणाला कळूही नये. देशभरात विरोधी पक्षांच्या बऱ्याच जणांनी मुर्मूंना मत दिलं हे मोजणीत दिसलं, तेही नावांशिवाय.

गुप्त मतदान ही माझ्यासाठी चांगली गोष्ट आहे. माझ्यावर कुणी जबरदस्ती करू नये म्हणून ती आहे. पण आमदार माझ्या वतीने मत देतो, आणि ते त्याने माझ्यापासूनच गुप्त ठेवायचं, हा हिशेब मला अजून जमलेला नाही. त्यात आमचा तालुका पोळलेला. २३ नोव्हेंबर २०१९ला पहाटेचा तो शपथविधी झाला, आणि त्यानंतर आमचे आमदार बेपत्ता असल्याची तक्रार शहापूर पोलिस ठाण्यात नोंदवली गेली होती. दोनेक दिवसांत ते मुंबईत पक्षासोबत परत दिसले. पण आमदार हरवू शकतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आदिवासी राष्ट्रपतीची मागणी २०२२ला आभाळातून पडली नव्हती. १९९२ला मेघालयचे जी. जी. स्वेल शंकर दयाळ शर्मांसमोर लढले. २०१२ला पी. ए. संगमांनी नेमकं हेच म्हणत अर्ज भरला, ‘आदिवासी राष्ट्रपती हवा’. संगमा शरद पवारांबरोबर राष्ट्रवादी स्थापन करणाऱ्यांपैकी. पक्ष प्रणव मुखर्जींच्या बाजूने होता, म्हणून त्यांना पक्ष सोडावा लागला. भाजपने त्यांना पाठिंबा दिला, शिवसेनेने प्रणवबाबूंना दिला. २०२२ला ठाकरे आणि शिंदे दोघांच्याही गटांनी मुर्मूंना दिला. म्हणजे आदिवासी असणं हे २०१२ला एका पक्षाला महत्त्वाचं, दुसऱ्याला नाही. २००७ला मराठी असणं महत्त्वाचं, १९६९ला नाही. ओळख तीच. तिची किंमत मात्र बाजारभावाने.

हे सगळं नुसतं प्रतीक असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण संविधानाची पाचवी अनुसूची काढून वाचा. फोनवर पाच मिनिटांत सापडते. अनुसूचित क्षेत्र कुठलं, हे राष्ट्रपती आदेशाने ठरवतात. १९८५च्या अशाच आदेशात शहापूर तालुका आहे, मुरबाडची काही गावं आहेत. या क्षेत्राचा कारभार कसा चाललाय याचा अहवाल राज्यपालांनी दरवर्षी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. इथल्या जमिनीबद्दल राज्यपालांनी काही विनियम केले तर राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय ते लागू होत नाहीत. आंबेडकर नामधारी म्हणाले ते देशाच्या कारभाराबद्दल बरोबरच, आणि इथेही राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात. तरी कागदावर आमच्या पाड्यांचा आणि राष्ट्रपती भवनाचा जेवढा थेट संबंध आहे तेवढा पुण्यातल्या एखाद्या सोसायटीचा नाही.

मुर्मूंना हे नवीन नव्हतं. झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ला त्यांनी छोटा नागपूर आणि संथाल परगण्याच्या कूळकायद्यांत बदल करणारी विधेयकं सही न करता परत पाठवली होती, आणि ती भाजपच्याच सरकारची होती. प्रचारात सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट कुठली? पण माझ्या फोनवर जे व्हिडिओ आले त्यांत त्या मंदिरात झाडू मारताना होत्या. दुसरी बातमी आली ती त्यांच्या उपरबेडा गावाची : उमेदवारी जाहीर झाल्यावर तिथल्या डुंगुरशाही पाड्यावर विजेचे खांब रोवायला सुरुवात झाली. मित्राने ती मला फॉरवर्ड केली. खाली लिहिलं होतं, “आपल्या पाड्यावरून कोण उभं राहणार?” आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा इमोजी.

१८ जुलैला मतदान झालं, २१ला निकाल. मुर्मूंना ६,७६,८०३, सिन्हांना ३,८०,१७७. संध्याकाळी पाड्यावर ढोल वाजला, पेढे वाटले, मीही खाल्ले. आनंद खरा होता. ज्या मुलींना शाळेत कधी कुणी मॉनिटर केलं नाही त्या मोबाइलवर शपथविधीची क्लिप पुन्हा पुन्हा बघत होत्या, त्यांना मी पाचवी अनुसूची वाचून दाखवणार नव्हतो.

त्यांची मुदत जुलै २०२७मध्ये संपते. त्याच्या आधी नावं यायला लागतील, आणि प्रत्येक नावामागे कुणाचा तरी सन्मान जोडलेला असेल. अर्ज भरायला ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, तेही खासदार-आमदारच. १५ हजारांचं डिपॉझिट. म्हणजे माझ्यासारख्याला मत नाही आणि उभंही राहता येत नाही. पण प्रश्न विचारायला सूचक लागत नाही. जो कुणी उमेदवार असेल त्याच्या पेजवर जाऊन मी एकच विचारणार आहे : महाराष्ट्राच्या राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्राबद्दल पाठवलेला शेवटचा अहवाल तुम्ही वाचलाय का, आणि त्यात शहापूरबद्दल काय लिहिलंय? मित्र म्हणतो, ब्लॉक करतील. बघू.